लाकडी घोडे आणि भात्यावर वाजणारा बँड

वॉशिंग्टनला लागून असलेल्या मेरीलँडमधील ग्लेन एको पार्कात १९२१ साली बसवलेले मेरी-गो-राउंड आजही उन्हाळ्यात फिरते. फिलाडेल्फियाच्या डेंटझेल कंपनीने ते घडवले. घोड्यांखेरीज त्यावर ससे, शहामृग, जिराफ, हरिण, सिंह आणि वाघही आहेत. अमेरिकेतील मेरी-गो-राउंड घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असल्याने प्रेक्षकांकडे प्राण्याची उजवी कूस येते, आणि कारागीर सारी हौस त्याच कुशीवर फेडत. डावी बाजू बरीच साधी असते. येणारे लोक या कोरीवकामाचेच फोटो काढतात. मला मात्र त्याहून नवलाचा वाटतो तो तिथला वुर्लिट्झर कंपनीचा १६५ क्रमांकाचा बँड ऑर्गन.

या वाद्याला वादक नसतो. मोटर भाते चालवते, कागदाची भोके पाडलेली गुंडाळी एका छिद्रपट्टीवरून सरकत जाते, आणि जिथे कागदातले भोक पट्टीवरच्या छिद्रासमोर येते तिथे हवेला वाट मिळून त्या सुराच्या नळीची झडप उघडते. आपल्या पेटीतही भाताच असतो, पण तिथे हवा पितळी पट्ट्या थरथरवते. इथे बासरीसारख्या, व्हायोलिनची आठवण देणाऱ्या आणि तुतारीच्या जातीच्या नळ्यांचा ताफाच उभा असतो, शिवाय ढोल, ताशासारखा कडाडणारा ड्रम आणि झांजही त्याच कागदाच्या हुकमाने वाजतात. १६५ मध्ये गुंडाळ्यांच्या दोन चौकटी असतात. एक वाजत असताना दुसरी मागे गुंडाळली जाते, म्हणून संगीत खंडत नाही. आवाज दणदणीत, कारण तो जत्रेच्या गोंगाटावर मात करण्यासाठीच बेतलेला आहे; बंद खोलीत ऐकून त्याला कर्कश ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

सुरुवातीला असे ऑर्गन युरोपातून येत. आयातकर भारी पडू लागल्यावर युजीन द क्लाइस्ट यांनी १८९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील नॉर्थ टोनावांडा येथे कारखाना काढला. मेरी-गो-राउंड बनवणारी हर्शेल मंडळी त्याच गावची, त्यामुळे गिऱ्हाईक दाराशीच होते. पुढे हा कारखाना वुर्लिट्झरने घेतला. आरंभीच्या ऑर्गनांत खिळे ठोकलेले लाकडी पिंप फिरे आणि त्यावर मावतील तेवढीच गाणी वाजत. कागदी गुंडाळीने ही अडचण संपवली, कारण नवी धून हवी असेल तर नवी गुंडाळी आणली की झाले.

ग्लेन एकोच्या या आनंदाला एक काळी बाजूही होती. पार्कात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. ३० जून १९६० रोजी हॉवर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी याच मेरी-गो-राउंडवरील प्राण्यांवर जाऊन बसले आणि त्यांना अटक झाली. उन्हाळाभर निदर्शने चालली, १९६१ मध्ये पार्क सर्वांना खुला झाला, आणि १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या शिक्षा रद्द केल्या. त्यानंतर काही वर्षांतच पार्क बंद पडला आणि मेरी-गो-राउंड विकले गेले, पण आसपासच्या रहिवाशांनी वर्गणी काढून ते परत मिळवले.

पुढे प्राण्यांवरील रंगांचे थर खरवडून मूळ रंग शोधण्यात अनेक वर्षे गेली, आणि त्याचे कौतुक झाले ते योग्यच. भात्यांचे सुकलेले चामडे बदलणे आणि बारीक नळ्यांची गळती शोधणे हे काम तितकेच जिकिरीचे असते. त्याला कंटाळून ऑर्गनच्या जागी ध्वनिमुद्रण लावणाऱ्यांची अडचण मला समजते, पण अशा ठिकाणी पूर्ण तिकीट घेणे मला पटत नाही.