पंख्यावरचं नाव

आठवी ‘ब’च्या पंख्याच्या पात्यावर लाल रंगात एक नाव होतं आणि खाली ‘यांजकडून सप्रेम भेट’. पंखा बंद असला की ते वाचता यायचं. पंखा देणारे म्हणजे आमच्या वर्गातल्या एका मित्राचे वडील. नाव इथे लिहीत नाही. सगळी चाळ त्यांना ‘जॉबर’च म्हणायची.

जॉबर म्हणजे कोण, हे आता शाळेत शिकणाऱ्यांना सांगावं लागेल. सकाळचा भोंगा झाला की गिरणीच्या गेटवर बदलीवाले, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी रोजावर लागणारे, ताटकळत. नियम कागदावर काहीही असोत, आज कुणाला काम लागणार हे पुष्कळदा जॉबरची, म्हणजे खात्यातल्या मुकादमाची, मान कुठे हलते त्यावर ठरायचं. त्याचे पैसे घेतले जात. आमचे जॉबरही घेत, आणि ते लालबागमध्ये कुणापासून लपलेलं नव्हतं. स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेत त्यांची खुर्ची आणि चाळीतल्या सप्ताहात संध्याकाळचा वीणेचा पहारा, म्हणजे वीणा हातात घेऊन उभं राहायची पाळी, त्यांचा. संध्याकाळचा म्हणजे गर्दीचा. येणारा-जाणारा विणेकऱ्याच्या पाया पडतो.

18 जानेवारी 1982 ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप कुणी रीतसर मागे घेतला नाही, पण घराघरांतली भांडी मात्र मारवाड्याकडे गेली. आम्ही दहावीत पोचलो तेव्हा जॉबर आमच्याच शाळेत हंगामी शिपाई म्हणून लागले होते. घंटा द्यायची, पिंपं भरायची, वर्ग झाडायचे. आठवीतल्या एका वात्रटाने वर बोट दाखवून विचारलं, “काका, हा तुमचाच ना?” झाडू न थांबवता ते म्हणाले, “पंखा पांडुरंगाचा, लाइटबिल शाळेचं. पाय वर घे.”

आमचे इतिहासाचे सर नगरकडचे ख्रिस्ती. ऑफ तासाला गोष्टी सांगत. एकदा त्यांनी बायबलातल्या दावीद राजाची सांगितली. पोटचा मुलगा अबशालोम उलटला, राजाला यरुशलेम सोडून पळावं लागलं. किद्रोनचा ओढा ओलांडून अनवाणी, डोकं झाकून, रडत तो जैतुनाचा डोंगर चढला. याजक, म्हणजे पुरोहित, कराराचा कोश ही देवाची पवित्र पेटी घेऊन बरोबर निघाले होते. दावीदाने त्यांना परत पाठवलं : देवाची मर्जी असेल तर तो मला परत आणील, नसेल तर त्याला बरं वाटेल ते करो. पुढे शिमी नावाचा, आधीचा राजा शौल याच्या घराण्यातला एक जण भेटला. तो धोंडे मारत, शिव्याशाप देत बरोबरीने चालू लागला. दावीदाचा सरदार अबीशय म्हणाला, याचं मुंडकं उडवतो. दावीद म्हणाला, देऊ दे शाप. देवानेच त्याला सांगितलं असेल.

पण सर इथे थांबत नसत, म्हणून ते मला मोठे वाटतात. त्याच डोंगरावर दावीदाने आपला मित्र हूशय याला परत शहरात धाडलं. अबशालोमाच्या दरबारात शिरून, त्याला जाऊन मिळालेला सल्लागार अहीथोफेल याची मसलत मोडायची, ही कामगिरी त्याला दिली. डोळ्यांत पाणी होतं, डोकंही चालत होतं.

त्याच सुमारास शाळेच्या फाटकाशी एक जुना बदलीवाला प्यायलेल्या अवस्थेत आला. जॉबरांना त्याने आईबहिणीवरून शिव्या घातल्या. “माझ्याकडून पैसे खाल्लेस, आता पोरांचं पाणी भर!” आम्ही मोठी पोरं धावलो. मित्र तर दगड उचलून तयार. जॉबर मध्ये उभे राहिले. “बोलू दे रे त्याला. काय खोटं बोलतोय?” मग त्या माणसाला त्यांनी हात जोडले आणि पिंपातलं पाणी प्यायला दिलं. तो प्यायला आणि शिव्या देतच गेला. पाया पडला, समेट झाला, असलं काही घडलं नाही.

त्या वर्षीच्या सप्ताहात मंडळाने नेहमीप्रमाणे संध्याकाळचा पहारा त्यांच्या नावावर लिहिला होता. तो त्यांनी खोडायला लावला आणि पहाटे दोन ते चारचा घेतला. त्या वेळी मांडवात पेटीवाला घोरत असतो आणि पाया पडायला कुत्रंही फिरकत नाही. मित्र चहा घेऊन जायचा. तो सांगतो, वीणा हातात असताना बाबा एका जागी पाय बदलत उभे असायचे, डोळे मिटलेले नाहीत, विठोबाच्या तसबिरीकडे सरळ बघत.

कीर्तनात कुणी म्हणालं की गिरणी गेली ही देवाची इच्छा, गप्प राहा, तर मात्र जॉबर चिडत. देवापुढे नमायचं म्हणजे मालकापुढे नमायचं असं कुठे लिहिलंय, असं ते विचारत. थकबाकीच्या हिशेबासाठी रविवारच्या सभांना ते इस्त्रीचा सदरा घालून जात. हजेरीचं तिकीट, फंडाच्या पावत्या, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाचा अर्जही त्यांनी भरला. सोडतीत नाव लागायच्या आधी ते गेले. ती पिशवी आता मित्राकडे आहे, वारस म्हणून त्याचा पाठपुरावा चालू आहे. आझाद मैदानात मोर्चा असला की आदल्या रात्री त्याचा मला फोन येतो.