हॉल भरला की पंखा बंद

सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत काका-काकू वरच्या मजल्यावर राहतात आणि खालच्या मजल्यावर त्यांची अभ्यासिका आहे. एमपीएससी करणारी मुलं-मुली, चोवीस तास उघडा हॉल, दोन स्प्लिट एसी, ४२ खुर्च्या. घरातले दिवे, पाण्याची मोटर आणि हॉलचा एक्झॉस्ट, सगळं काकांनी होम असिस्टंटवर, म्हणजे घरातली उपकरणं नियम लावून आपोआप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, घेतलेलं होतं. हवेसाठी कुणाकडून तरी छोट्या डबीतला एक सेन्सर बसवून घेतला होता. कार्बन डायऑक्साइड हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत हजार भाग) वर गेला की एक्झॉस्टचा पंखा चालू, आठशेच्या खाली आला की बंद, असा साधा नियम होता.

काकांचा फोन आला तेव्हा तक्रार अशी होती, "अरे, हा पंखा उलटाच वागतो. सकाळी सहाला हॉल रिकामा असताना जोरात फिरतो आणि दुपारी सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात तेव्हा बंद. तू एकदा येऊन तो नियम बघ."

नियमात काही चूक नव्हती. मग मी सेन्सरचा गेल्या काही दिवसांचा आलेख उघडला. रोज सकाळी एक उंच सुळका, नंतर दिवसभर सहाशेच्या आसपास जवळजवळ सपाट रेघ. सकाळी काय होतं ते काकूंनी सांगितलं: मावशी फिनेल टाकून फरशी पुसतात, मग काका गणपतीच्या फोटोला उदबत्ती लावतात. मी खिशातल्या सॅनिटायझरचे दोन थेंब कापसावर घेऊन डबीजवळ धरले. आकडा काही सेकंदांत सहाशेवरून चार हजारांच्या पुढे गेला आणि पंखा सुरू झाला. सॅनिटायझरमध्ये असतं अल्कोहोल. कार्बन डायऑक्साइडचा तिथे संबंधच नव्हता.

डबी उघडल्यावर उलगडा झाला. आत मेटल ऑक्साइडचा सेन्सर होता. त्यातला बारीक थर तापवलेला असतो आणि अल्कोहोल, धूर, फिनेल, अत्तर असल्या वायूंनी त्याचा विद्युत रोध बदलतो. कार्बन डायऑक्साइड त्याला कळतच नाही. माणसं असतात तिथे श्वासातून आणि अंगावरून हे वायूही थोडे वाढतात, एवढ्या आधारावर चिप कार्बन डायऑक्साइडचा अंदाज बांधते. माहितीपत्रकात त्या आकड्याला 'समतुल्य कार्बन डायऑक्साइड' म्हणतात. ॲपमध्ये येईपर्यंत 'समतुल्य' गळून पडतं आणि काकांसारख्या माणसाला वाटतं, मोजमाप झालं. याचा मला मनापासून राग येतो. अंदाज असेल तर तसं पडद्यावर लिहिलेलं असलंच पाहिजे, कारण लोक त्या आकड्यावर विसंबून खिडक्या बंद ठेवतात.

दुसरी गोष्ट अशी की असली चिप तिला अलीकडे मिळालेली सगळ्यात स्वच्छ हवा हाच शून्याचा आधार धरते. हा हॉल चोवीस तास चालू आणि खिडक्या काचा लावून पक्क्या बंद. तिथली कोंदट हवाच तिच्या लेखी स्वच्छ ठरली होती.

मी आलेख बघत बसलो होतो तेव्हा दारापाशी बसणारी एक मुलगी जवळ आली. परभणीकडची, राज्यसेवेची तयारी करणारी. म्हणाली, "दादा, दुपारी तीननंतर डोकं धरून येतंय बघा. सगळे म्हणतात मेसचं जेवण जास्त होतंय. पण बाहेर कट्ट्यावर दहा मिनिटं बसलं की बरं वाटतंय." ती अभ्यासाचे तास वहीत मांडायची आणि कुठे थांबावं लागलं तेही लिहायची. तिला विचारून मी त्या पानांचे फोटो काढून घेतले.

दुसऱ्या खेपेला एससीडी४१ हा सेन्सर आणि त्याचे आकडे वायफायवरून पाठवणारा ईएसपी३२ हा छोटा बोर्ड घेऊन गेलो. हा सेन्सर खरोखर कार्बन डायऑक्साइड मोजतो आणि त्याची रीत मला फार आवडते. आत इन्फ्रारेड प्रकाशाचे ठोके पडतात, कार्बन डायऑक्साइडचे रेणू तो प्रकाश शोषून क्षणभर तापतात, हवा किंचित फुगते आणि ती दाबाची लहर एक सूक्ष्म मायक्रोफोन ऐकतो. प्रकाशातून आवाज निघतो हे ग्रॅहम बेलने १८८० मध्ये दाखवलं होतं. ते तत्त्व आता नखाएवढ्या चिपमध्ये बसलं आहे.

जोडणी सोपी आहे: ३.३ व्होल्ट, ग्राउंड आणि माहिती नेणाऱ्या आय-टू-सीच्या दोन वायरी. असे बोर्ड चालवणाऱ्या ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमध्ये मोजक्या ओळी लिहिल्या की होम असिस्टंटला उपकरण आपोआप सापडतं. बोर्डाला २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय चालतं, तेवढं राउटरवर बघून घेतलं.

वेळ गेला तो तीन गोष्टींत. पहिली, उंची. प्रकाश शोषला जाण्याचं प्रमाण हवेच्या दाबावर अवलंबून असतं आणि सेन्सर मुळात समुद्रसपाटी गृहीत धरतो. पुणं साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे काहीच सांगितलं नाही तर आकडा पाच-सहा टक्के कमी येणार. उंची लिहून टाकली.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. या सेन्सरमध्ये स्वतःला जुळवून घेण्याची सोय सुरूच असते आणि ती असं मानते की आठवड्यातून एकदा तरी त्याला बाहेरच्यासारखी ताजी हवा मिळते. राहत्या घरात ते बहुतेक खरं ठरतं, माणसं बाहेर पडतात, खिडक्या उघडतात. चोवीस तासांच्या अभ्यासिकेत ते कधीच घडत नाही. तसंच सोडलं असतं तर हळूहळू हाही सेन्सर कोंदट हवेलाच ताजी समजला असता आणि आम्ही पुन्हा जुन्या डबीपाशी येऊन पोचलो असतो. ती सोय बंद केली. मग सेन्सर गच्चीवर नेला, सावलीत, आम्हा सगळ्यांपासून दूर ठेवला आणि बाहेरच्या हवेचा आकडा, साधारण ४२५ पीपीएम, सांगून जुळवून घेतला. दर काही महिन्यांनी हे करायचं, तशी आठवण काकांच्या फोनवर लावून दिली.

तिसरी गोष्ट जागा. आपल्या उच्छ्वासात जवळजवळ चार टक्के, म्हणजे चाळीस हजार पीपीएम कार्बन डायऑक्साइड असतो. कुणाच्या तोंडासमोर सेन्सर लावला तर त्या एकाचाच श्वास मोजला जाईल. एसीच्या झोतातही नको. शेवटी मधल्या खांबावर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जरा वर, केसिंग पट्टीतून वायर नेऊन बसवला.

पंखा मुद्दाम नियमातून काढून ठेवला, आधी हॉल जसा आहे तसा बघायचा होता. सकाळी आठला नऊशे. अकराला अठराशे. दुपारी साडेतीनला ३२००. परभणीच्या मुलीच्या वहीतल्या थांबण्याच्या वेळा मी आलेखावर ठेवून बघितल्या, त्यातल्या बहुतेक अडीच हजारांच्या वर पडत होत्या. कार्बन डायऑक्साइडमुळेच डोकं जड होतं का, यावर संशोधकांत एकमत नाही, आणि मेसच्या जेवणाचाही वाटा असेल. हे मी तिला तसंच सांगितलं.

काकांचा मात्र विश्वास बसेना. "दोन-दोन एसी चालू आहेत की!" हा गैरसमज मला घरोघरी भेटतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून फक्त गॅस फिरतो, हवा नाही. मग मी हिशेब मांडला. आकड्यातून बाहेरच्या हवेचे चारशेवीस वजा केले आणि उच्छ्वासातल्या प्रमाणाने भागलं, तर ३२०० ला उत्तर येतं सात टक्के. म्हणजे या हॉलमध्ये घेतलेल्या दर चौदा श्वासांपैकी एक श्वासभर हवा आधी कुणाच्या तरी छातीतून फिरून आलेली. एकाला सर्दी झाली, किंवा एखाद्याला न कळलेला टीबी असला, तर? काका गप्प झाले. काकू म्हणाल्या, "अहो, ही लोकांची पोरं आहेत."

त्यानंतर एक्झॉस्ट जोडला, तरी आकडा पंधराशेच्या खाली उतरेना. पंखा बाहेर ढकलतो तेवढी हवा आत यायलाही वाट लागते आणि आम्ही सगळ्या फटी बंद केलेल्या होत्या. अंगणाच्या बाजूच्या भिंतीला भोक पाडून जाळी आणि फिल्टर लावला. रस्त्याची बाजू टाळली, कारण तिथून टिळक रोडचा धूर आत आला असता. पंखा दोन वेगांवर आणला, कारण पूर्ण वेगाचा आवाज वाचणाऱ्यांना नको होता: हजारला संथ, बाराशेला पूर्ण. विजेचं बिल वाढणार हे काकांना आधीच सांगितलं, बाहेरची गरम हवा थंड करायला एसीला जास्त काम पडतंच.

हॉल पूर्ण भरला की आकडा आता ११८० च्या आसपास थांबत होता. ३२०० च्या मानाने ते फार चांगलं होतं आणि मी सामान आवरायला घेतलं होतं. काका खांबाशी उभे राहून आकड्याकडे बघत होते. म्हणाले, "हजाराच्या खाली आणायचं तर किती खुर्च्या काढाव्या लागतील?"

बसून वाचणारा माणूस तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि पंख्याने हजारएक घनमीटर हवा बदलत होती. तिथेच वहीच्या मागच्या पानावर गणित केलं. उत्तर आलं, बत्तीस जण.

महिना संपल्यावर काकांनी नवीन नावं घेतली नाहीत. जागा रिकाम्या होत गेल्या तशा दहा खुर्च्या वरच्या मजल्यावर नेऊन ठेवल्या. महिन्याचे दहा जणांचे पैसे कमी झाले ते त्यांनी सोसले. मला त्यांनी आणखी एकच काम सांगितलं: हॉलचा आकडा दाराबाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत दिसेल असा पडदा लावून दे, आत यायच्या आधी मुलांना बघता आला पाहिजे.