गैरहजेरी त्याच संध्याकाळी कळते

फेब्रुवारी 2025 चा पहिला आठवडा. मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक आहे. अनोळखी रुग्णांचे नातेवाईक शोधणं हे माझ्या कामातलं मोठं काम. डोंगरीत रस्त्यावर पडलेल्या एका वृद्ध बाईंना पोलिसांनी आणलं होतं. खुबा मोडलेला, डोक्याला मार, बोलणं असंबद्ध. पिशवीत घराची किल्ली आणि तसबीह (जपमाळ), बाकी काही नाही. अशा रुग्णाचा पत्ता लागायला आठवडे जातात. इथे मी चौकशी सुरू करण्याआधीच दोन बायका त्यांना शोधत अपघात विभागात आल्या.

त्या खोजा जमातखान्यातल्या, म्हणजे इस्माइली मुसलमानांच्या प्रार्थनास्थळातल्या, स्वयंसेविका. नात्यातल्या कुणी नव्हेत.

"संध्याकाळच्या दुआला आल्या नाहीत. घरी गेलो तर कुलूप."

एवढ्यावरून त्या रुग्णालयं पालथी घालत होत्या. तेही कधी, तर 4 फेब्रुवारीला लिस्बनमध्ये इस्माइलींचे इमाम म्हणजे धर्मगुरू, चौथे आगाखान यांचं निधन झालेलं, जमातखान्यात रोजच्यापेक्षा किती तरी जास्त माणसं. त्या गर्दीतही या बाईंची जागा रिकामी दिसली, कारण वर्षानुवर्षं त्या त्याच भिंतीला टेकून बसायच्या.

आधारकार्डाची प्रत घ्यायला मी जमातखान्यात गेलो. दुआची वेळ होती. तेव्हा इस्माइली नसलेल्यांनी आत जायचं नसतं, म्हणून कार्यालयात थांबलो. दुआनंतर जमातखान्याचे प्रमुख, मुखीसाहेब आले. मुखी आणि त्यांचे सहायक कामडिया यांना पगार नसतो. मुखीसाहेबांचं स्वतःचं कापडाचं दुकान आहे. रोज पहाटे आणि संध्याकाळी दुआ, शिवाय गिनान म्हणजे भक्तिगीतं, नांदीत म्हणजे अर्पण म्हणून आणलेल्या पदार्थांचा लिलाव. माणसं रोज भेटतात. मला वाटतं, सगळं बळ या 'रोज'मध्ये आहे. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्यांना कोण आलं नाही हे इतक्या लवकर कळलं नसतं. वॉर्डात कुणी कोणत्या रात्री थांबायचं, ते माझ्यासमोर दहा मिनिटांत ठरलं.

बाई शुद्धीवर आल्या तेव्हा खरा अवघड प्रश्न पडला. 1957 पासून, म्हणजे लहानपणापासून, त्यांना एकच इमाम माहीत. ते गेल्याचं कोण सांगणार? डॉक्टर म्हणाले, थांबा. महिलांच्या बाजूच्या प्रमुख, मुखियाणी म्हणाल्या, "आपल्यापासून लपवलं असं त्यांना वाटायला नको." मी डॉक्टरांशी बोललो आणि पडदा ओढून घेतला. "या अली मदद," मुखियाणींनी इस्माइली अभिवादन केलं. बाईंनी क्षीण आवाजात "मौला अली मदद" म्हटलं. मग गुजरातीत हळूहळू बोलणं. बाई खूप रडल्या. मुखियाणींनी हात सोडला नाही. थोड्या वेळाने दिवंगत इमामांचे पुत्र शहजादा रहीम पन्नासावे इमाम झाल्याचं सांगितलं. बाईंनी तसबीह मागितली.

डिस्चार्जच्या दिवशी 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात काय लिहू, असं विचारलं, तर चौघीजणी सही करायला पुढे आल्या. मी चारही नावं लिहून घेतली.