कॅरीतली हिरवी रात्र

नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लटहून कॅरी अडीच तासांवर. १६ डिसेंबर २०२४, सोमवार. दुपारीच ऑफिसातून निघालो, लेकीला शाळेतून घेतलं आणि आय-८५ महामार्गाला लागलो. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची (इथे सॉकर म्हणतात) पुरुषांची अंतिम लढत होती: व्हरमाँट विरुद्ध मार्शल, दोन्ही विद्यापीठांचे संघ.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघासाठी घसा बसेपर्यंत ओरडत मोठा झालो. इथे वेकमेड सॉकर पार्कात जेमतेम दहा हजार माणसं मावतात, पण आत शिरलो आणि पोटात तीच जुनी कालवाकालव सुरू झाली. दोन्ही संघांचा रंग हिरवा! लेक गोंधळली, "बाबा, आपले कोणते?"

मार्शलवाल्यांना हे मैदान घरच्यासारखं. करोनामुळे लांबलेली २०२० ची स्पर्धा त्यांनी मे २०२१ मध्ये इथेच जिंकली होती. व्हरमाँटला मात्र मानांकनसुद्धा नव्हतं. उपांत्य फेरीत डेन्व्हरला पेनल्टीवर हरवून ते इथवर आले होते. शेजारी बसलेले आजोबा व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनहून रात्रभर गाडी हाकत आले होते. त्यांनी लेकीच्या हातात एक छोटा झेंडा दिला, आणि आपले कोण ते ठरलं.

पहिला हाफ कोरा गेला. ६७ व्या मिनिटाला मार्शलच्या पॅनहोल्झरने गोल केला. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, बोलले काहीच नाहीत. पेठेचा संघ मागे पडला की आमचे अण्णा असेच गप्प व्हायचे. ८१ व्या मिनिटाला पापने बरोबरी साधली तेव्हा त्यांनी लेकीला चक्क उचलून घेतलं.

मग जादा वेळ. ९५ वं मिनिट. मागून उंच चेंडू आला, किसेलने बचावपटूला मागे टाकलं, गोलरक्षकाला चकवलं, आणि समोर रिकामं जाळं. चेंडू आत जाईपर्यंत कुणी श्वास घेतला नसावा. २-१! जादा वेळेत पहिला गोल करेल तो जिंकला, म्हणून सामना तिथेच संपला. व्हरमाँटचं फुटबॉलमधलं हे पहिलंच राष्ट्रीय विजेतेपद. शेजारच्या डोळ्यांत पाणी, आणि माझ्याही.

परतीच्या वाटेवर लेक झेंडा मुठीत धरूनच झोपली. ग्रीन्सबरोपाशी चहाला थांबलो आणि कोल्हापूरला फोन लावला. तिकडे उजाडलं होतं. अण्णांनी पहिलाच प्रश्न केला, "मॅच कशी झाली रे?"

"लई भारी, अण्णा," म्हटलं, आणि पहिल्या मिनिटापासून सांगायला बसलो.