मुलं चांगली आहेत, म्हणूनच

भिशीला, बारशाला, एकदा तर चक्क रेशनच्या रांगेत मला एकच प्रश्न विचारला गेलाय. "मुलं इतकी चांगली आहेत तुमची, मग ते लिव्हिंग विल कशाला केलंत? विश्वास नाही का त्यांच्यावर?" विचारणाऱ्यांच्या आवाजात काळजी कमी आणि चौकशी जास्त असते, ते असू दे. सगळेच विचारतात म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

मी ठार मारायचं इंजेक्शन मागितलेलं नाही, हे आधी. तसं देणं आपल्याकडे आजही गुन्हाच आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की सन्मानानं मरणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यामुळे शुद्धीत असताना माणूस लिहून ठेवू शकतो की बरं होण्याची आशा उरली नसेल आणि मला बोलता येत नसेल, तर केवळ श्वास चालू ठेवणारे उपचार मला नकोत. त्या कागदालाच लिव्हिंग विल म्हणतात. न्यूमोनिया झाला आणि थोडे दिवस व्हेंटिलेटरवर राहून मी उठून बसणार असेन, तर खुशाल लावा. वेदना कमी करणारी औषधं तर शेवटपर्यंत द्या, त्यात काटकसर नको. माझ्या कागदात हे सगळं असंच, साध्या मराठीत आहे.

आता मुलांचं. माझे धाकटे दीर गेले तेव्हा महिनाभर एका खासगी रुग्णालयाच्या आयसीयूत होते. मेंदूत मोठा रक्तस्राव. डॉक्टर रोज संध्याकाळी बाहेर येऊन खाली बघत सांगायचे, "फारसा फरक नाही." आणि मग, "पुढे काय करायचं, तुम्ही ठरवा." तुम्ही म्हणजे कोण? जाऊबाईंना शुगरची चक्कर येत होती. मोठा पुतण्या रोज सही करत होता: डायलिसिसला सही, गळ्याला भोक पाडायला सही, रक्ताला सही. धाकटा परदेशातून आला, बॅगसुद्धा न ठेवता डॉक्टरांना म्हणाला, "पैशाची काळजी करू नका, जे शक्य असेल ते सगळं करा." मोठ्याच्या तोंडावर तेव्हा जे उमटलं ते मी पाहिलंय. तो आदल्या रात्री, आता बाबांना सोडवा, असं सांगायचं ठरवून बसला होता. भावासमोर ते त्याला बोलता येईना. बोलला असता तर जन्मभर तोच "बाबांची नळी काढणारा" ठरला असता. दोघं आजही दिवाळीला एकमेकांकडे जातात, पण त्या महिन्याबद्दल बोलत नाहीत.

वाईट मुलांना या कागदाची गरजच नसते, ती आपलं आपण उरकतात. चांगल्या मुलांच्या तोंडून मात्र "पुरे" हा शब्द निघत नाही. तो त्यांच्याऐवजी मी म्हणून ठेवलाय.

अरुणा शानभाग आठवत असतील. परळच्या केईएमच्या परिचारिका. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांच्यावर तिथेच भयंकर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्यासाठी दयामरणाचा अर्ज पत्रकार-लेखिका पिंकी विराणींनी केला. केईएमच्या परिचारिकांनी त्याला कडाडून विरोध केला. २०११ साली न्यायालयानं ठरवलं की अरुणाताईंच्या वतीनं बोलण्याचा अधिकार त्यांना सांभाळणाऱ्या केईएमच्या माणसांचा. मला ते योग्यच वाटलं. इतकी वर्षं पडून राहिलेल्या बाईच्या अंगावर बेडसोअर होऊ न देणं ही काय सेवा आहे, हे घरात एक म्हातारं माणूस सांभाळलेल्यालाच कळेल. पण त्या सगळ्या खटल्यात त्यांचं स्वतःचं म्हणणं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पंचविशीतल्या मुलीनं ते आधी सांगून ठेवावं अशी अपेक्षा तरी कोण करणार? माझं तसं नाही. मी सत्तरी ओलांडलीय, मला वेळ आहे आणि मला लिहिता येतं.

नणंदबाईंचं म्हणणं वेगळं. त्या पोथीवाल्या. "वहिनी, भोग भोगूनच संपवायचे असतात, मधेच सोडले तर पुढच्या जन्मात येतात." मी भोग मानते. पण माझे भोग माझ्या सुनेनं आयसीयूबाहेरच्या त्या जोडखुर्च्यांवर रात्र काढून भोगायचे, हे कुठल्या पोथीत आहे? आणि धर्माचंच म्हणाल तर विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध दोन्ही थांबवलं, ऐन दिवाळीत देह ठेवला. तेव्हा कुणी त्यांना अधर्मी म्हणालं नाही. जैनांच्या संथाऱ्यावर, म्हणजे अन्न सोडून मरण स्वीकारण्याच्या व्रतावर, राजस्थानच्या उच्च न्यायालयानं २०१५ मध्ये बंदी घातली, ती त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं स्थगित केली. माझी झेप तेवढी नाही. मला भूक लागते आणि श्रीखंड आवडतं.

पैशाचं कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी बोलते. गरिबाघरी हा निर्णय बिलाचा काउंटर घेतो. योजनेचे पैसे संपले, सोनाराकडे ठेवायला काही उरलं नाही, की "स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत" म्हणून सही करतात आणि ॲम्ब्युलन्स गावाकडे वळते. तिथे ना डॉक्टरांचं मंडळ, ना न्यायालय, आणि बहुतेकदा वेदनेवरचं औषधही नाही. निवडणुकीत मोफत उपचाराच्या योजनांचे फलक चौकाचौकात लागतात. घरी येऊन मरणाऱ्याच्या वेदना कमी करणारी नर्स देऊ, असं एकाही फलकावर मी वाचलेलं नाही. मेलेल्या माणसाचं मत नसतं, हे खरं. पण त्याच्या घरच्यांचं असतं की!

कागद करणं मात्र वाटतं तेवढं अवघड नाही. २०१८ च्या निकालात न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, म्हणून कुणी त्या वाटेला जात नव्हतं. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं झालं: दोन साक्षीदार, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. आमच्या नोटरीनं आधी विचारलं, "प्रॉपर्टी किती?" मी म्हटलं, प्रॉपर्टी मीच. त्यांनी चष्मा काढून पूर्ण कागद वाचला, मग स्वतःच्या आईचा विषय काढला आणि शिक्का मारायचा राहूनच जात होता.

एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. ती द्यायला गेले तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "आजी, हे जन्म-मृत्यू नोंदणीला." तिथल्या बाईंनी कागद उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "पण मृत्यू झालेला नाही ना अजून? झाल्यावर या." मी येईन म्हटलं. शेवटी आवक विभागात शिक्का मिळाला. गोव्यात २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवून सुरुवात करून दिली. आपल्याकडेही एखाद्या आमदारानं तसं करावं, म्हणजे खिडक्यांना तरी कळेल.

कागद आहे म्हणून कुणी परस्पर नळी काढू शकत नाही, हेही ऐका. रुग्णालयातल्या तीन डॉक्टरांचं मंडळ आधी ठरवतं, मग तिघांचं दुसरं मंडळ ते तपासतं, त्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला. उपचार काढण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. माझ्या वतीनं बोलायला मी मुलीचं आणि भाचीचं नाव दिलंय. मुलगा आठवडाभर रुसला. त्याला म्हटलं, तुला ओटीपोटाच्या सोनोग्राफीचं नाव काढलं तरी घाम फुटतो, तू बाहेर चहाचं बघ. मग हसला.

ह्यांनी असा कागद करायला साफ नकार दिला. "मला सगळं हवं. नळ्या, मशिनी, जे असेल ते. घड्याळ बंद पडेपर्यंत लढायचं." मी म्हटलं, मग तेच लिहून द्या, नाहीतर तुमच्या वेळी मी माझंच खरं करीन. तर परवा वहीच्या पानावर त्यांनी चार ओळी लिहिल्या, खाली सही केली आणि वर कंसात सूचना: डायलिसिस चालू असतानाही क्रिकेटचा स्कोअर सांगावा. ते पान माझ्याच फाइलमध्ये लावलंय, आणि वेळ आलीच तर तसंच करणार.