साक्षीची रात्र

नगर जिल्ह्यातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीचं वार्षिक संमेलन मे महिन्याच्या सुट्टीत भरायचं. नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडी नगरच बसलंय. चर्चच्या आवारात मांडव, लिंबाखाली चुली, गावोगावहून आलेली कुटुंबं आणि शाळेच्या वर्गांत अंथरुणं टाकून मुक्काम. सगळीकडे सलाम-सलाम चाललेलं. सकाळी पाळकसाहेबांचा शास्त्राभ्यास असे, तेव्हा आम्ही पोरं मागे विटीदांडू खेळत असू.

दुपारी पाठांतराची स्पर्धा. त्यात बायबलमधलं एक्याण्णवावं स्तोत्र हमखास असायचं. ‘काळोखात फिरणारी मरी’ आणि ‘भर दुपारी नाश करणारी पटकी’ यांचं भय धरू नको, असं सांगणारं. आम्ही ते धडाधडा म्हणून बक्षिसाचा कंपास घेऊन मोकळे होत असू. मागे सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्या मात्र त्या ओळी डोळे मिटून आमच्याबरोबर पुटपुटायच्या. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुढं देशावर पसरला, तेव्हा त्यांच्या आई-आज्यांनी गाव सोडून रानात झोपड्या टाकल्या होत्या. आमच्यातल्या कितीतरी घरांचा वंशच मुळी दुष्काळात पोरक्या झालेल्या आणि मिशनच्या अनाथाश्रमात वाढलेल्या मुलांपासून सुरू होतो. मरी आणि पटकी या साथी त्यांना घरातून ठाऊक होत्या.

संध्याकाळी शब्बाथशाळेचं, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गाचं नाटुकलं. येशू शिष्यांच्या होडीत झोपलेला असताना वादळ येतं आणि तो उठून ते शांत करतो, हा प्रसंग सगळ्यांचा लाडका. दोन चादरी जोडून समुद्र, उलटा बाक म्हणजे होडी, गडगडाटाला पत्रा. मार्काच्या शुभवर्तमानात येशू उशीवर डोकं ठेवून झोपलाय असं लिहिलंय, म्हणून उशी पाहिजेच. येशूचं काम सगळ्यांना हवं असे, कारण त्याला बराच वेळ नुसतं झोपायचं. एका वर्षी ऐन प्रयोगात खराखुरा वळीव आला. मांडवाचं कापड फाडफाड उडायला लागलं, धुळीनं कंदील दिसेना. शिष्य बाकाला धरून बसले आणि येशू उठला तो थेट आईकडे पळाला. त्या वर्षीइतकं हसलेलं संमेलन मी पाहिलं नाही. पाळकसाहेबसुद्धा डोळे पुसत होते.

रात्री कीर्तन. ख्रिस्ती कीर्तन हे नगरचंच लेणं. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६२ साली ते इथं सुरू केलं. आमच्याकडे येणारे बुवा फेटा बांधून, चिपळ्या घेऊन उभे राहत आणि पूर्वरंगात बेधडक तुकोबांचा अभंग घेत. कवी ना. वा. टिळक तुकारामाच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आले, मग आपल्याला कसली आडकाठी, असं म्हणत. उत्तररंगात गेथशेमाने बाग. येशूला दुसऱ्या दिवशीचं मरण दिसतंय, घाम रक्ताच्या थेंबांसारखा टपटपतोय. इथं बुवा चिपळ्या थांबवायचे. “देवाचा पुत्र, आणि त्यालासुद्धा धडकी भरली! मग पेत्र, याकोब, योहान या तिघांकडे त्यानं मागितलं तरी काय? तलवार नाही मागितली. माझ्याबरोबर जागे राहा म्हणाला. आणि हे तिघे काय करतायत? घोरतायत!” टाळकरी हसत, म्हाताऱ्या चुकचुकत.

कीर्तनानंतर साक्षी. ज्याला प्रभूनं काय केलं ते सांगायचंय, त्यानं उठावं. खरं सांगायचं तर सगळ्या साक्षी मला पटायच्या नाहीत. काहींची भीती प्रार्थनेच्या पहिल्याच शब्दाला कायमची पळालेली असे. एक काका विहिरीत पडल्याची हकीकत दरवर्षी सांगत आणि विहीर दरवर्षी थोडी खोल होई.

पण एक मावशी उठायच्या, त्या फार थोडं बोलायच्या. १९७२ च्या दुष्काळात नवरा मुंबईला गेलेला, पदरात लहान पोरं, आणि दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. वाटपाच्या सुकडीवर आणि मिलो ज्वारीवर दिवस काढायचे. “रात्री लई भ्या वाटायचं,” त्या म्हणायच्या. “पोरं झोपली की मी म्हणायची, देवा, सकाळी हातोडा उचलू दे. पुढचं मागायचं काय सुचायचंच नाही. सकाळी हातोडा उचलायचा.” एवढं बोलून त्या खाली बसत. पाऊस कधी पडला, नवरा कधी आला, हे त्यांनी कधीच सांगितलं नाही. विचारलंही नाही कुणी.

२०२० आणि २०२१ मध्ये संमेलन झालं नाही. मोबाईलवर प्रार्थना व्हायच्या. पेटी एका घरातून, तबला दुसऱ्या घरातून, आणि दोघांची गाठ काही पडायची नाही. पुन्हा मांडव पडला तेव्हा साक्षीला एक नर्स उठली. आमच्यात दोन घरं सोडून एक नर्स असते, मिशन हॉस्पिटलांची ती देणगी. ती म्हणाली, “पीपीई किट चढवताना माझे हात थरथरायचे. मी तेविसावं स्तोत्र म्हणत चढवायची. ‘मृत्युछायेच्या दरीतूनही’ येईपर्यंत चेन गळ्याशी आलेली असायची. भीती गेली का म्हणाल, तर नाही गेली. माझ्याबरोबर आत यायची. पण आत घरच्यांना सोडत नव्हते, म्हणजे पेशंटजवळ बसायला मीच होते. तो माझ्याहून जास्त घाबरलेला असायचा. त्याचा हात धरला की माझा थरथरायचा थांबायचा.”

मांडवात बराच वेळ दुसरं कुणी उठलं नाही. विहिरीवाले काकासुद्धा त्या वर्षी बसून राहिले.

तिच्या बोलण्यावरूनच तरुण संघानं दुसऱ्या दिवशी एक यादी केली. गावाकडचं कुणी नगरच्या दवाखान्यात दाखल झालं, तर रात्री सोबतीला कोण जाणार, याची. मग तो पेशंट आपल्या मंडळीतला असो की शेजारचा. यादी भटारखान्याच्या यादीशेजारी डकवली. पहिल्या वर्षी नावं कमी होती, आता जागा पुरत नाही. कीर्तनातल्या त्या तिघांवरून टोमणेही चालतात आणि घोरणाऱ्यांना रात्रीच्या सोबतीला पाठवत नाहीत, त्यांना दिवसपाळी देतात. बायकोच्या सांगण्यावरून मला दिवसपाळी मिळाली आहे.