एकाच कढईतले पिएरोगी

शिकागोत पोलिश वस्ती मोठी असल्यामुळे बटाटा आणि चीज भरलेले गोठवलेले पिएरोगी, म्हणजे मैद्याच्या पारीत सारण भरून केलेल्या करंजीच्या आकाराच्या पोलिश उकडी, इथे सहज मिळतात, आणि कामावरून उशिरा परतल्यावर माझी सारी भिस्त त्यांच्यावरच असते. किल्बासा हे सॉसेज बहुधा धुरी देऊन शिजवलेलेच मिळते; त्याच्या चकत्या जाड बुडाच्या कढईत परतल्या की सुटलेल्या चरबीतच कांदा, कोबी व गाजर परतता येते. वेगळे तेल घालू नये, असे माझे ठाम मत आहे. मग पिएरोगी वर मांडून, अर्धी वाटी पाणी घालून 8 मिनिटे झाकण ठेवावे. उकडीच्या मोदकासारखी त्यांची पारी तकतकीत दिसू लागली की पाणी आटू द्यावे आणि खालची बाजू खरपूस होऊ द्यावी. मीठ मात्र शेवटी, चव पाहूनच घालावे, कारण सॉसेज मुळातच खारट असते.